काट्यांच्या दुकानातला निम्मा वाटा

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, सत्तरी ओलांडलेली, अविवाहित, व्यवसाय वजनकाट्यांची दुरुस्ती, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डोळ्यांचे म्हणाल तर डाव्याचे ऑपरेशन झाले आहे आणि उजव्याने अजून काट्याची थरथर दिसते. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही, मला कोणी भुलवलेले नाही, कोणाच्या भीतीपोटी मी हे करत नाही. रागापोटी करता आहात का, असे वकीलबाईंनी विचारले. मी हो म्हटले. त्या म्हणाल्या, राग चालतो, कायद्याला त्याचे काही वाटत नाही.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही. रद्द करावीत अशी दुसरी कागदपत्रे आहेत, पण ती सरकारी कचेरीत आहेत आणि त्यांवर माझी सही नाही.

कलमांकडे वळण्याआधी एक खुलासा. वकीलबाईंनी करून दिलेल्या मसुद्यात प्रत्येक ठिकाणी 'रक्कम देण्यात यावी' एवढेच होते. मी तो परत केला. पैसे कशाबद्दलचे आहेत हे लिहिल्याशिवाय मी कोणाला काही देणार नाही.

"अहो बाई, शब्द कुठलाही लिहिला तरी बँकेतून तेवढेच पैसे निघणार," त्या म्हणाल्या.

"मला एकदा चुकीच्या नावाने पैसे मिळालेत," मी म्हटले. "इतकी वर्षं झाली, अजून पचले नाहीत."

तेव्हा खाली जिथे पगार लिहिले आहे तिथे पगारच वाचावा, जिथे बक्षीस लिहिले आहे तिथे बक्षीस. माझ्या पश्चात कोणी शहाणपणा करून शब्द सारखे करू नयेत.

कलम एक. माझी स्थावर मिळकत म्हणजे हे दोन खोल्यांचे घर. ते मी दुकान गेल्यानंतर याच खोलीत काटे दुरुस्त करून, हप्ते फेडून घेतले आहे. ते माझ्या भाचीला, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलीला, बक्षीस देते. तिने माझे काही केले म्हणून नव्हे. ती सुट्टीच्या दिवशी येते, माझा बिस्किटांचा डबा रिकामा करते, आत्या तू फार चिडकी आहेस असे सांगते आणि जाते. बक्षीस असेच द्यावे. कशाच्या तरी बदल्यात दिले की त्याला मोबदला म्हणतात, आणि मोबदल्याला घासाघीस येते.

कलम दोन. माझ्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंना सहा महिन्यांचा पगार द्यावा. मसुद्यात इथे 'सेवेबद्दल मानधन' असे होते. पगार कमी द्यायचा असला की लोक मानधन म्हणतात. मी मेले की त्यांचे एक घर सुटेल आणि दुसरे मिळेपर्यंत त्यांची चूल माझ्या मरणामुळे अडायला नको. हा त्यांचा हक्क आहे. देताना कोणी चेहऱ्यावर उपकाराचा भाव आणला तर बाईंनी त्याला सुनवावे, त्यांना ते उत्तम जमते.

कलम तीन. शेजारचे इलेक्ट्रिकवाले यांना काहीही देऊ नये. माझ्या आजारपणात त्यांनी औषधे आणली, मला रिक्षात घालून दवाखान्यात नेले, आणि माझा पंखा इतक्या वेळा दुरुस्त केला की आता त्यात मूळचे फक्त पाते उरले आहे. पैसे विचारले की कानावर हात ठेवतात. मी मेल्यावर त्यांच्या हातात नोटा ठेवल्या तर त्यांनी केले ती मदत राहणार नाही, हमाली होईल. शिवाय वकीलबाईंनी सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही. मला साक्षीदार म्हणून तेच हवे आहेत. दोन्ही बाजूंनी बरे झाले.

कलम चार. वहिनींनी माझे शिलाई मशीन उसने नेले होते, ते आता त्यांचेच समजावे. याला भेट म्हणू नये. मी वसुली सोडून दिली, एवढाच याचा अर्थ.

कलम पाच. माझ्या नावाच्या दुसऱ्या बँक खात्यात एक रक्कम आहे, जिला मी कधी हात लावला नाही. तिची व्यवस्था सांगायची तर आधी दुकानाबद्दल लिहावे लागेल. वकीलबाई म्हणाल्या, एवढे सविस्तर लिहायची गरज नाही. मला आहे.

दुकान वडिलांचे. तराजू, दुकानदारांचे काटे, गोदामांचे मोठे काटे, सगळे आमच्याकडे दुरुस्तीला आणि तपासणीला येई. वडिलांची पद्धत अशी की काटा एकट्याने पास करायचा नाही. दोघांनी समोरासमोर बसायचे. एकाने तोलायचे, मग पारड्यांतला माल अदलाबदल करून दुसऱ्याने तोलायचे, आणि दोघांच्या तोंडून 'झालं' आले तरच काटा गिऱ्हाइकाला द्यायचा. ते थकल्यावर एका बाजूला मी बसू लागले आणि दुसऱ्या बाजूला दादा. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा.

वडिलांना पासंगाचा तिटकारा होता. पासंग म्हणजे हलक्या पारड्याखाली चिकटवलेला शिशाचा तुकडा. तो लावला की दांडी आडवी होते आणि गिऱ्हाईक खूश होते. वडील म्हणत, "हलक्याला भर घालून गप्प करायचं नाही. जडाचं जास्तीचं काढायचं." म्हणून आम्ही जड बाजू कानशीने घासत बसायचो. वेळ लागे, हातांना फोड येत, पैसे तेवढेच मिळत. आमच्या दुकानाचे नाव होते ते त्यामुळे.

शेवटच्या आजारात वडिलांनी आम्हा दोघांना खाटेजवळ बोलावले. म्हणाले, "दुकान दोघांचं. परवाना एकाच्याच नावावर निघतो, तो थोरल्याच्या नावावर राहू दे." दादाने मान डोलावली. मीही डोलावली. त्या दोन माना सोडल्या तर याचा पुरावा नाही.

मी पगार घेत नव्हते. दादाही घेत नव्हता. गल्ला एक, किल्ली खुंटीला, ज्याला लागेल त्याने घ्यावे. मला एक स्थळ सांगून आले होते, माणूस चांगला होता, पण त्यांना बायको घरी बसणारी हवी होती. दादा त्यांना म्हणाला, "ही गेली तर मला दुकान बंद करावं लागेल." मी दाराआड उभी होते. मला इतके बरे वाटले की मी ते स्थळ नाकारून टाकले. वाटले, दुकानाचे अर्धे अंग असल्याशिवाय कोणी असे बोलते का? आता वाटते, चांगल्या कारागिराबद्दलही मालक असेच बोलतो.

तपासणीचा दाखला मी लिहीत असे आणि सही दादा करत असे, कारण परवाना त्याचा. त्याने माझा एकही दाखला वाचला नाही. मी कागद पुढे सरकवला की तो म्हणायचा, "तुझ्या हातचं आहे ना? मग बघायचं काय." आणि सही ठोकायचा. मी याला विश्वास म्हणत असे आणि मनातल्या मनात मिरवत असे.

मग रस्ता रुंद करायचा ठरला आणि आमची रांग त्यात गेली. कचेरीतून मोजणीवाले साहेब आले. त्यांनी समजावून सांगितले की पैसे तीन तऱ्हांनी मिळतात. जागा जाते तिचा मावेजा मालकाला. धंदा उठतो त्याची नुकसानभरपाई धंदा चालवणाऱ्यांना, दोन असतील तर दोघांना. आणि कामगार असेल त्याला रोजगार बुडाल्याबद्दल भत्ता, तोही काही महिन्यांचा. साहेब सज्जन होते, घाईत नव्हते. माझ्या हातात कानस होती आणि मांडीवर पितळेचा भुगा पडला होता. त्यांनी माझ्याकडे बघून विचारले, "आणि ह्या?"

दादा म्हणाला, "ती बहीण माझी. कामाला आहे इथं."

मी कानस थांबवली नाही. मला वाटले, यात काहीतरी सोय असेल. दादा बोलतो आहे म्हणजे विचार करूनच बोलत असेल. साहेबांनी लिहून घेतले आणि ते पुढच्या दुकानात गेले.

घरी जाताना मी विचारले, "असं का सांगितलंस?"

"अगं, दोन नावं आली की दुप्पट कटकट. पैसे शेवटी घरातच येणार आहेत ना?"

पैसे घरात आले. फक्त ते घर कोणाचे हे मी विचारायला विसरले होते. मावेजा आणि नुकसानभरपाई मिळून दादाने लिफ्ट असलेल्या इमारतीत चार खोल्या घेतल्या. एक दिवस तो माझ्यापुढे एक पाकीट घेऊन आला. "घे, तुझं तुला मिळालं. ठेव." आत माझ्या नावाचा चेक आणि एक ओळीचे पत्र होते, रोजगार बुडालेल्या कामगारास भत्ता. मी म्हटले, "आणि बाकीचं?" तो खरोखर गोंधळला. म्हणाला, "कसलं बाकीचं? तुला आजवर काय कमी पडलं?" वहिनी आतून म्हणाल्या, "यांनी तुम्हाला आयुष्यभर सांभाळलं की."

सांभाळले! मी गल्ल्यातून घेतलेला प्रत्येक पैसा माझा म्हणून घेतला होता. त्या दुपारी कळले की तो मला दिला जात होता. पैशांच्या बाबतीत माझ्या तोंडाला पाने पुसली याचे दुःख मी गिळले असते. माझे सगळे आयुष्य एका वाक्यात दुसऱ्याच खात्यावर गेले, हे मला गिळता आले नाही. मी कानशी, चिमटे आणि बारीक वजने उचलली आणि या खोलीत, जी तेव्हा भाड्याची होती, येऊन बसले. स्वतःच्या नावाने परवाना काढला. त्याला लागला एक अर्ज आणि एक फोटो. इतके सोपे होते ते.

आता त्या भत्त्याबद्दल, म्हणजे दुसऱ्या खात्यातल्या रकमेबद्दल. आमच्या दुकानात खरा कामगार एकच होता. लोखंडी वजने उचलणारे, ज्यांना आम्ही पैलवान म्हणायचो. ते पगारी होते आणि कामाची वेळ संपली की हातातले वजनसुद्धा खाली ठेवून निघून जायचे. दादाने साहेबांना एकच कामगार सांगितला आणि ती मी. पैलवानांचे नाव कुठेच आले नाही. हे मला पुष्कळ उशिरा कळले, पैलवान एकदा बाजारात भेटले तेव्हा. "ताई, तुम्हाला मिळाले ना? मग ठीक आहे," असे ते म्हणाले आणि मला जमिनीत गडप व्हावेसे वाटले. मी तेव्हाच देऊ केले तर घेईनात. म्हणाले, "तुमचे पैसे मी कसे घेऊ?" तेव्हा कायद्यानेच द्यायचे ठरवले. ती रक्कम, साठलेल्या व्याजासह, पैलवानांना किंवा ते नसल्यास त्यांच्या पत्नीला द्यावी. पावतीवर 'रोजगार बुडाल्याबद्दल भत्ता, उशिरा' असे लिहावे. ही माझी देणगी नाही. ते पैसे चुकीच्या पत्त्यावर आले होते, ते पुढे पाठवते आहे.

कलम सहा. कानशी आणि हत्यारे भाचीला. तिला त्यातले काही येत नाही, पण ती त्यांना मोडीत घालणार नाही. पितळी बारीक वजने पेटीतून काढताना बोटांनी धरू नयेत, चिमट्याने धरावीत. हाताचा घाम त्यांना लागतो आणि ती खोटे बोलू लागतात.

कलम सात. वकीलबाईंनी माझ्याकडून फी कमी घेतली आणि तिला सवलत म्हटले. मी सवलत मागितली नव्हती. राहिलेली फी कपाटाच्या वरच्या खणात पाकिटात आहे. त्यांनी मुकाट्याने घ्यावी.

कलम आठ. वरील सर्व देऊन झाल्यावर माझ्या मुख्य खात्यात जी शिल्लक राहील तिचे दोन सारखे भाग करावेत. एक भाग भाचीला. दुसरा भाग माझ्या थोरल्या भावाला. त्याला हा भाग भेट म्हणून नाही, मदत म्हणून नाही, मोठेपणाचा मान म्हणूनही नाही. भागीदाराचा वाटा म्हणून. मी खुंटीवरच्या किल्लीवर वाढले आहे. दुकान दोघांचे असेल तर त्याच हत्यारांनी मी पुढे कमावले त्यातही तो अर्धा धनी आहे. मी तरी हिशेब असाच करते.

यास एक अट आहे. सही करण्याआधी दादाने माझ्यासमोर, स्वतःच्या हाताने, दुकान कोणाचे होते ते एका ओळीत लिहून द्यावे. शब्द मी सांगणार नाही. सांगून लिहून घेतले तर ते माझेच होतील.

पुरवणी. वरचा मजकूर काल लिहून झाला. पुढचे आज, सकाळी, त्याच खोलीत लिहीत आहे. वकीलबाई आणि इलेक्ट्रिकवाले हजर आहेत. दादाही आला आहे. जिना चढून दमला होता, त्याला पाणी दिले. गुडघ्यांनी तो माझ्याहून जास्त म्हातारा झाला आहे. खुर्चीत बसताना त्याने खुर्चीचा पाय डुगडुगतो का हे आधी हाताने पाहिले, वडील बघायचे तसे, आणि क्षणभर माझा सगळा राग पातळ झाला. तेही इथे नोंदवते.

मी म्हटले, "दादा, माझ्या शिलकीतला निम्मा वाटा तुझा. एक ओळ लिहून दे."

"काय लिहू?"

"दुकान कोणाचं होतं ते. तुझ्या शब्दांत."

"एवढ्यासाठी बोलावलंस?"

"एवढंसंच आहे तर लिही."

त्याने चष्मा लावला. मग त्याच्या त्या उभ्या अक्षरात लिहिले, आणि लिहिताना त्याचे डोळे भरून आले. ते सगळ्यांनी पाहिले. कागद माझ्या हातात देत म्हणाला, "बघ. मनापासून लिहिलंय."

त्याने लिहिले आहे, 'आमच्या वडिलांच्या पश्चात दुकान मी चालवले आणि माझी बहीण आयुष्यभर माझ्या मदतीला होती. अशी मदत नशिबानेच मिळते.'

मी ते दोनदा वाचले. त्याने लबाडी केली असती तर मला भांडता आले असते. पण तो लबाडी करत नव्हता. त्याला खरेच असे वाटते, आणि त्या दिवशी साहेबांसमोरही खरेच असे वाटत असणार. मी इतकी वर्षे समजत होते की त्याने मला फसवले. फसवायला आधी मी त्याच्या लेखी भागीदार असायला हवी होते. खाटेजवळ त्याने मान डोलावली ती वडिलांच्या खोकल्याला की बोलण्याला, कोण जाणे. त्याची ओळ म्हणजे चांगला गुळगुळीत पासंग आहे. दांडी आडवी दिसते आणि हलके पारडे हलकेच राहते.

"आवडलं ना?" त्याने विचारले.

"अक्षर अजून छान आहे तुझं," मी म्हटले.

सबब, कलम आठमधील अट पूर्ण झालेली नाही. भावाचा भाग रद्द. तो भागही भाचीला जावा, तिच्या वडिलांनी न उचललेला वाटा म्हणून. तिने तो पुढे त्यांना द्यायचा की नाही हे तिचे तिने ठरवावे. मी त्यात पडणार नाही. दादाच्या हातची ओळ मी फाडलेली नाही, वजनांच्या पेटीत ठेवली आहे.

दादाला आता या मृत्युपत्रातून काहीच मिळत नाही, म्हणून तो साक्षीदार व्हायला पात्र आहे. हे मी वकीलबाईंना पुन्हा विचारून घेतले. त्या म्हणाल्या, "साक्षीदार फक्त तुमची सही बघतो. मजकुराशी त्याचा काही संबंध नसतो, लक्षात असू द्या." आहे लक्षात. तरीही शेवटचे वाक्य मी मोठ्या अक्षरात, स्वतंत्र ओळीत, सह्यांच्या जागेच्या अगदी वर लिहीत आहे, जेणेकरून नुसती नजर खाली टाकली तरी दिसावे. दादा या क्षणी इलेक्ट्रिकवाल्यांशी पंख्याच्या आवाजाबद्दल बोलतो आहे. कागद मी त्याच्यापुढे सरकवणार आहे आणि काही बोलणार नाही. त्याने ते वाक्य वाचून पेन खाली ठेवले, तर निदान आयुष्यात एकदा आमचे यावर भांडण होईल. वाचून सही केली, तर ही पुरवणी मी इथेच फाडेन, कलम आठ पुन्हा लागू होईल आणि साक्षीदार म्हणून मी दुसरे कोणी शोधेन. न वाचता केली, तर वर लिहिले आहे तसेच राहील.

वडिलांच्या पश्चात हे दुकान आम्हा दोघांचे होते.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली, खिडकीजवळचे टेबल. वेळ: सकाळ, उजेड चांगला. तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्याप्रमाणे.

लिहून देणार: (सही) वजनकाटे कारागीर, आणि वडिलांच्या दुकानाची भागीदार.

साक्षीदार पहिले: (सही) शेजारी, इलेक्ट्रिकवाले. सर्व पाने वाचली. पंख्यात मोटारही मूळचीच आहे, अशी हरकत घेतली. मान्य.

साक्षीदार दुसरे: (सही) थोरला भाऊ. चष्मा परत खिशात गेला होता, तो काढला नाही. म्हणाला, "तुझ्या हातचं आहे ना? मग बघायचं काय."